चार स्टार. पाचवा ‘मॅलिग्नंट’ या शब्दाने खाल्ला

हृदयाचा सीटी स्कॅन, म्हणजे सीटी कोरोनरी अँजिओग्राफी, इथे रत्नागिरीत करायची की घाट चढून कोल्हापूर गाठायचं, असा वाद ज्यांच्या घरात चालू असेल त्यांच्यासाठी लिहितोय. मी इथेच, या सेंटरमध्ये केली. मशीन चांगलं, माणसं चांगली. तक्रार एकच आहे आणि ती एका शब्दाची आहे. पण त्या शब्दाने आमच्या घरातल्या अकरा रात्री खाल्ल्या, म्हणून जरा लांबण लावून सांगतो.

मी मिरकरवाडा बंदरावर लाँचींची इंजिनं दुरुस्त करतो. वय ५४. लेलँडची सहा सिलिंडरची इंजिनं उघडायची आणि बांधायची, तीस वर्षं हाच धंदा. जून-जुलैत मासेमारी बंद असते तेव्हा लोकांना वाटतं बंदर झोपलंय. आमचा सीझन नेमका तोच. १ ऑगस्टला पाण्यात जायचं म्हणून प्रत्येक तांडेलाला, म्हणजे लाँच चालवणाऱ्याला, ३१ जुलैच्या आत इंजिन तयार हवं असतं. अशात जुलैच्या दुसऱ्या आठवड्यात एक सिलिंडर हेड उचलताना छातीत डावीकडे कळ आली. घाम नाही, दम नाही, पण कळ दोन दिवस गेली नाही. ईसीजी नीट आला. पट्ट्यावर चालवतात ती टीएमटी केली, तिच्यात शेवटी शेवटी ईसीजीची रेषा थोडी खाली गेली. डॉक्टर म्हणाले, धड हो नाही आणि धड नाहीही नाही. सीटी करून टाका, ब्लॉकेज आहे की नाही ते एकदाच कळेल.

अपॉइंटमेंट चार दिवसांनी मिळाली. फोनवरच्या मुलीने सगळं नीट सांगितलं: क्रिएटिनिनचा, म्हणजे किडनीच्या तपासणीचा, रिपोर्ट आणा, चार तास काही खाऊ नका, पाणी प्या, सकाळपासून चहा-कॉफी बंद. चहा बंद हे तिने तीनदा सांगितलं. मी म्हटलं, “काय गो, चहाने काय होतंय?” तर म्हणाली, “काका, नाडी वाढते, मग फोटो हलतो.” एवढं कारण सांगितलं की माणूस ऐकतो. नुसतं ‘चालणार नाही’ म्हटलं असतं तर मी स्टँडसमोर अर्धा कप मारूनच गेलो असतो.

पोचलो तेव्हा नाडी ८२. त्यांना साठच्या आसपास हवी. मेटोप्रोलॉलची गोळी दिली आणि तासभर बसवलं. वेटिंग हॉलमध्ये पंखे चांगले, खुर्च्या लोखंडी, टीव्हीवर कुठलीतरी मालिका. बाहेर धो धो पाऊस. मध्येच वीज गेली, जनरेटर सुरू झाला आणि माझी नाडी जी खाली येत होती ती परत वर गेली असणार. त्या जनरेटरचा एक नोझल मिस मारत होता. ठक-ठक-ठक-फुस्, ठक-ठक-ठक-फुस्. दुसऱ्या कुणाला ऐकू येत नव्हतं. मी उठून रिसेप्शनवर सांगून आलो की नोझल बदलून घ्या, नाहीतर पिस्टन खाईल. मुलीने वहीत लिहून घेतलं, तेही कौतुकाचं.

टेक्निशियन मुलगा पंचविशीचा असेल. त्याच्यासाठी वेगळा स्टार असता तर दिला असता. आत नेल्यावर आधी दार लावलं आणि हळूच विचारलं, “काका, गेल्या दोन दिवसांत ती ताकदीची वगैरे गोळी घेतली नाही ना?” मी हसायला लागलो. तो हसला नाही. म्हणाला, “रक्तवाहिन्या रुंद व्हायला जिभेखाली सॉर्बिट्रेट देणार आहे, दोन्ही एकत्र आली की बीपी एकदम कोसळतं.” हा प्रश्न लाजून न विचारणारे असतील आणि लाजून खोटं सांगणारेही असतील. तेव्हा वाचणाऱ्यांनो, विचारलं तर खरं सांगा.

उजव्या हातात जाड सुई लावली. छातीवर ईसीजीच्या चकत्या चिकटवल्या. सॉर्बिट्रेटने डोकं भणभणलं, ते अर्ध्या तासाने उतरलं. मी मशीनची चौकशी केली तेव्हा त्याने कंटाळा केला नाही. १२८ स्लाइसचं आहे, आतलं चाक सेकंदाला जवळपास तीन फेऱ्या मारतं. म्हणजे मिनिटाला १८०. आमचं इंजिन आयडलला याच्या तिप्पट-चौपट फिरतं, पण एवढं वजन एवढ्या गुळगुळीत फिरवायचं म्हणजे बेअरिंग काय असेल! गंमत पुढे आहे. हृदय तर सारखं हलतंय, मग फोटो स्थिर कसा येतो? तर ईसीजीवरून टायमिंग पकडतात. दोन ठोक्यांच्या मध्ये हृदय जेव्हा सैल पडलेलं असतं तेव्हाचाच फोटो घेतात. नाडी जेवढी हळू तेवढी ती सैल वेळ मोठी. चहा का नाही, गोळी का, सगळा उलगडा तिथे झाला.

मग फोटोत रक्तवाहिन्या उठून दिसायचं औषध सोडलं. घशातून एक गरम लाट निघाली आणि खाली खाली जात कमरेखाली पोचली. मला खात्रीच वाटली की लुंगीत काम झालं. झालं नव्हतं, सगळ्यांना तसंच वाटतं म्हणे. तोंडाला कल्हई उडालेल्या भांड्यातल्या आमटीसारखी चव. मशीन हिंदीतून म्हणालं, साँस रोको. रोखला. आमच्यासारख्याला दहा सेकंद म्हणजे काहीच नाही, पंख्यात जाळं अडकलं की कोयता घेऊन लाँचीखाली बुडी मारायची सवय. ही बुडी लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

बिल ९,५०० रुपये. पावती मागावी लागली नाही. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी रिपोर्ट, फिल्म आणि सीडी. इथपर्यंत पाच स्टार.

रिपोर्ट मुलाने वाचला. तो डिप्लोमाच्या शेवटच्या वर्षाला आहे, इंग्रजी त्याचं बरं. पहिल्या पानावर कॅल्शियम स्कोर, म्हणजे रक्तवाहिन्यांत साचलेल्या चुन्याचा आकडा, शून्य. ब्लॉकेज कुठेच नाही. बायकोने देवापुढे साखर ठेवली. मुलगा दुसऱ्या पानावर गेला आणि गप्प झाला. उजवी कोरोनरी, म्हणजे हृदयालाच रक्त देणारी उजवी नळी, तिच्या नेहमीच्या जागेवरून न निघता डाव्या बाजूच्या सायनसमधून निघते आणि दोन मोठ्या नळ्यांच्या मधून जाते. पुढे दोन शब्द ठळक अक्षरांत: मॅलिग्नंट कोर्स. त्याच्याखाली, डॉक्टरांचा सल्ला घ्यावा. बस्स.

आमच्या घरात मॅलिग्नंट या शब्दाचा एकच अर्थ आहे, कॅन्सर. माझ्या सासूबाई त्याच शब्दाने गेल्या. बायको मटकन खाली बसली. मी म्हणतोय, अगं हृदयाला कॅन्सर होत नाही तसा, तर ती म्हणते, “अहो, मग लिहिलंय कशाला?” याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. सेंटरला फोन लावला. मुलगी बिचारी म्हणाली, रिपोर्ट करणारे सर मुंबईहून बघतात, त्यांच्याशी बोलता येत नाही, तुमच्या डॉक्टरांना दाखवा. आणि हृदयाचे डॉक्टर कोल्हापूरहून महिन्यातून दोन शनिवार येतात. पुढचा शनिवार अकरा दिवसांवर.

या अकरा दिवसांत मुलाने मोबाइलवर काय काय वाचलं ते मला पहाटे दोनला सांगायचा. अमेरिकेत पीट मॅराविच नावाचा बास्केटबॉलचा मोठा खेळाडू होता. व्यावसायिक संघांतून दहा वर्षं खेळला. १९८८ साली, चाळिसाव्या वर्षी, असंच मित्रांबरोबर खेळताना कोसळला आणि गेला. नंतर कळलं की त्याला डावी कोरोनरी जन्मापासूनच नव्हती. पोरगा हे मला का सांगत होता ते त्यालाही माहीत नव्हतं. भीती वाटली की माणूस भीतीच्याच गोष्टी शोधत जातो. मी हेड उचलणं सोडलं, जिना सावकाश चढू लागलो. एका तांडेलाने विचारलं, “काय मिस्त्री, गर्भार आहात काय?” त्याला काय सांगणार, मेल्याला.

अकराव्या दिवशी शनिवार उगवला. डॉक्टरांनी रिपोर्ट बाजूला ठेवला आणि आधी सीडी लावली. मला हे आवडलं. मीसुद्धा गिऱ्हाईक काय बिघडलंय सांगतं ते ऐकतो आणि मग इंजिनच उघडतो. स्क्रीनवर माझं हृदय गरागरा फिरवून त्यांनी एका जागी थांबवलं आणि पेनाने दाखवलं. महाधमनी म्हणजे मेन लाईन. तिच्या बुडाशी तीन फुगवटे, तेच सायनस. डाव्यातून डावी कोरोनरी, उजव्यातून उजवी, तिसऱ्यातून काहीच नाही, हा कंपनीचा नकाशा. माझी उजवीही डाव्यातून निघते आणि महाधमनी आणि फुफ्फुसाकडे जाणारी मोठी नळी यांच्या मधल्या फटीतून उजवीकडे येते.

मी म्हटलं, म्हणजे दोन पायपांच्या मध्ये होजपाईप अडकलाय, दाब आला की चिरडणार. ते म्हणाले, सगळ्यांना असंच वाटतं, पण फुफ्फुसाच्या नळीत दाब कमी असतो, ती काय कुणाला चिरडणार? खरी अडचण सुरुवातीच्या तुकड्यात. अशी रक्तवाहिनी कधी कधी महाधमनीच्या भिंतीतूनच थोडं अंतर तिरपी जाते. जोराच्या श्रमात महाधमनी ताणते आणि भिंतीतला तो तुकडा चपटा होतो. त्यातून तिचं तोंड गोल नसून फटीसारखं असलं तर आणखी वाईट. शिवाय हृदयाच्या स्नायूला रक्त मिळतं ते मुख्यतः हृदय सैल पडतं तेव्हा, आणि नाडी वाढली की तीच वेळ आखडते. गरज वाढते आणि पुरवठ्याची वेळ कमी होते. हे मला एका झटक्यात समजलं. लोडवर इंजिन बसतं आणि आयडलला छान चालतं, तेव्हा आम्हीही आधी डिझेलची लाईन कुठे चपटी झाली ते बघतो.

मग मुलाने ‘मॅलिग्नंट’चं विचारलं. डॉक्टरांनी कपाळाला हात लावला. या रस्त्याला जुनं नाव ते आहे, कारण बाकीचे रस्ते बहुतेक निरुपद्रवी असतात: महाधमनीच्या मागून, फुफ्फुसाच्या नळीच्या पुढून, किंवा तिच्याखालून हृदयाच्या मधल्या पडद्याच्या स्नायूतून. कॅन्सरशी याचा काडीचा संबंध नाही. आणि हे नाव सगळ्यांना सरसकट लावणंही बरोबर नाही, कारण डावी कोरोनरी उजव्या बाजूने निघून मधल्या फटीतून जाते ती खरी धोक्याची. पंधरा-वीस वर्षांची पोरं मैदानावर धावताना अचानक जातात, त्यांच्यात ही सापडते. तशी दिसली तर त्रास नसला तरी ऑपरेशनचा विचार करतात. उजवी डावीकडून निघणं हे त्यापेक्षा कितीतरी जास्त लोकांत आढळतं आणि त्याचा धोका कितीतरी कमी. त्यातही वय बघायचं. अशा मृत्यूंचा मोठा हिस्सा पस्तिशीच्या आतला. तुम्ही चोपन्न वर्षं, त्यातली तीस लोखंड उचलत काढलीत. कधी काम करता करता चक्कर येऊन पडलात? शुद्ध गेली? नाही. ही तुमची सगळ्यात मोठी टेस्ट, आणि ती फुकट झाली.

नंतर मुलाने एक आकडा शोधला आणि तो या वेळी उपयोगाचा निघाला. अमेरिकेतल्या क्लीव्हलँड क्लिनिकमध्ये १,२६,५९५ लोकांच्या अँजिओग्राफी तपासल्या होत्या, १९९० साली छापून आलं. त्यांतल्या १,६८६ जणांच्या रक्तवाहिन्यांत जन्मजात काही ना काही वेगळेपण होतं. शंभरात एकाहून थोडे जास्त, आणि त्यांतल्या बहुतेकांचं वेगळेपण त्रास न देणारं. मी हिशोब केला: नारळी पौर्णिमेला आमच्या बंदरावर हजार माणसं जमली तर असं काही ना काही वेगळेपण असलेले तेरा जण त्यांत नारळ सोडत असणार आणि त्यांना पत्ताही नसणार.

तरी टीएमटीची ती रेषा खाली गेली होती, म्हणून डॉक्टरांनी कोल्हापुरात किरणोत्सारी औषध टोचून करतात ती स्ट्रेस टेस्ट सांगितली. लोक अजून तिला थॅलियम टेस्टच म्हणतात. आंबा घाटात धुकं एवढं की एसटीच्या पुढच्या गाडीचा दिवा दिसेना, साखरप्यापासून बायको माळ ओढत होती. तिथे पुन्हा पट्ट्यावर चालवलं, नाडी १४१ पर्यंत नेली (२२० मधून वय वजा करायचं आणि त्याचे ८५ टक्के, असा हिशोब) आणि ऐन दमात असताना औषध टोचलं. फोटो दोनदा, श्रमाचा एक आणि आरामाचा एक. कुठला भाग श्रमात उपाशी राहतो का ते दोन्ही शेजारी ठेवून बघतात. माझे दोन्ही सारखे. कळ होती ती खांद्याच्या स्नायूची.

ऑपरेशनचं मी स्वतःहून विचारलं. आमच्यात खोलल्याशिवाय समाधान होत नाही. बायपासचं विचारलं तर म्हणाले, मूळ लाईन उघडी असताना शेजारून दुसरी जोडली की दोघी एकमेकींशी भांडतात आणि जोडलेली बंद पडते. गरज असते त्यांच्यात भिंतीतल्या तुकड्याचं छप्पर कापून तोंड मोठं करतात. मला गरज नाही. वर्षातून एकदा भेटायचं, बीपी आणि साखर बघायची, तंबाखू सोडायची. दरवर्षी सीटी करायची नाही, उगाच रेडिएशन. श्रमात छातीत दाटलं, चक्कर आली, डोळ्यांपुढे अंधारलं, तर काम तिथेच टाकून यायचं.

आणि ती बुडी. त्यांनी कामाचं विचारलं तेव्हा मी पंख्यातल्या जाळ्याचं सांगितलं. ते पहिल्यांदाच गंभीर झाले. जमिनीवर चक्कर आली तर माणूस पडतो आणि उठतो, पाण्याखाली श्वास धरलेला असताना आली तर वर कोण काढणार? बुडी बंद. बायकोने मान एवढ्या जोरात हलवली की तिच्याच मानेची काळजी वाटली. तेव्हापासून पोरगा बुडी मारतो आणि मी वरून शिव्या घालतो.

आणखी एक गोष्ट त्यांनी सांगितली, ती रिपोर्टवर असायला हवी होती. उद्या खरोखर हार्ट अटॅक आला आणि हातातून नळी घालून अँजिओग्राफी करायची वेळ आली, तर डॉक्टर उजव्या कोरोनरीचं तोंड उजवीकडे शोधतील आणि त्यात वेळ जाईल. म्हणून ती कुठून निघते ते आधी हातात पडलं पाहिजे. मी सीडीतलं ते एक चित्र छापून लॅमिनेट केलं, वर मराठीत आणि इंग्रजीत लिहिलं, आणि एक प्रत स्कूटरच्या डिकीत, एक पाकिटात ठेवली. झेरॉक्सवाल्याने विचारलं, कसला नकाशा आहे? म्हटलं, पाईपलाईनचा.

तर सेंटरविषयी. टेस्ट इथेच करा, कोल्हापूरला जायची गरज नाही. चित्रं स्वच्छ होती, कोल्हापूरच्या डॉक्टरांनी स्वतः सांगितलं की परत काढायला नको. सीडी आठवणीने घ्या, नुसत्या फिल्मवर कुणी काही सांगत नाही. रविवारी बंद. पार्किंग नाही, गाडी पुढच्या गल्लीत लावा. टॉयलेट स्वच्छ.

रिपोर्ट लिहिणाऱ्यांना एवढंच: रस्ता कुठून जातो ते लिहिलंत, छान. तोंड फटीसारखं आहे का, भिंतीत किती मिलिमीटर आहे, हेही आत कुठेतरी बारीक अक्षरात लिहिलं होतं, डॉक्टरांनी दाखवलं तेव्हा दिसलं. ठळक करायचं ते ते. मॅलिग्नंट नव्हे. आणि लिहायचंच असेल तर शेजारी एक ओळ घाला, की हा कॅन्सर नाही. शाईला काय पडतंय?

परवा सेंटरमधून फोन आला. वाटलं, रिपोर्टची तक्रार पोचली वर. ती मुलगी म्हणाली, “काका, तुम्ही जनरेटरचं बोलला होतात ना, तो आता चालूच होत नाही.” मंगळवारी पाने घेऊन जातोय. मुंबईचे सर त्या दिवशी फोनवर सापडले तर पाचव्या स्टारचंही बघू.